एका खोलीच्या घरात पाच नावे

दोल्ना रेका पोलीस ठाणे, बल्गेरिया
गुरुवार, १२ ऑक्टोबर २०२३, सकाळी १०.४०

मी नझिफे मेहमेदोवा, वय ७८ वर्षे, धंदा पूर्वी येथील बालगृहात कपडे धुण्याचा, सध्या एक शेळी, राहणार सिन्या चेश्मा, शाळेच्या मागे, निरक्षर, समक्ष हजर राहून सांगते आणि निरीक्षक स्तामोवाबाई लिहून घेतात. खोटे सांगितल्यास शिक्षा होते हे मला दोनदा समजावण्यात आले. एकदाच पुरले असते.

वरील पत्त्यावर माझ्या मालकीचे एका खोलीचे घर आहे. नवरा वारला. मूलबाळ नाही. खाटा दोन. त्या घरात माझ्याखेरीज पाच जणांची नावे नगरपालिकेच्या दप्तरी आहेत, हे खरे आहे. संमतीच्या प्रत्येक कागदावरचा अंगठा माझाच आहे. निवडणूक तोंडावर असल्याने कोणा उमेदवारासाठी ही मते जमवली काय, असे विचारता सांगते की, नाही. उमेदवार माझ्या गल्लीत आजवर फक्त चिखल नसताना आले आहेत.

बालगृहात मी बावीस वर्षे काम केले. तिथे अठरा पूर्ण झाली की मूल बाहेर, आणि तिथला पत्ताही त्याच दिवशी सुटतो. पत्ता नाही तर ओळखपत्र नाही. ओळखपत्र नाही तर काम नाही, डॉक्टर नाही, भाड्याने खोली नाही. खोली नाही म्हणून पत्ता नाही. हा भोवरा मी फिरवलेला नाही.

सहा वर्षांपूर्वी इलियन दोन पिशव्या घेऊन दारात आला. म्हणाला, "नझिफे आजी, मला कुठला तरी म्हण." मी म्हटले, "चादरीवरचा तुझा नंबर मला पाठ आहे, एकतीस. नाव तेवढं सांग." त्याच आठवड्यात मी पहिला अंगठा दिला. पुढे त्याच्यामागून प्लामेन, बोरिस्लाव्ह आणि मिरेला आले. हे चौघे आता आपापल्या कामाच्या गावी राहतात. बैरामच्या ईदला येतात, ईस्टरला येतात, दोन्ही वेळा भांडी न घासता जातात. त्यांची नावे काढायला हवी होती, आळस माझा. आज काढावीत. फोन मी करीन. इलियन चिडेल. चिडू दे.

पाचवी झोर्नित्सा किरिलोवा, वय १८ वर्षे. ती १८ सप्टेंबरपासून माझ्या घरी राहते. तिचे नाव काढू नये.

सोमवार ९ ऑक्टोबर रोजी अकरा वाजता हवालदार दोनेव एका तक्रारीवरून तपासणीस आले. तीनदा दार वाजवले, कोणी उघडले नाही, म्हणून 'येथे सदर मुलगी राहत नाही' असा अहवाल दिला. त्या वेळी मी शेळी घेऊन टेकडीवर होते. झोर्नित्सा आत होती.

यावर येथे हजर असलेले दोनेव म्हणाले, "आजी, आत होती तर दार का नाही उघडलं? बहिरी आहे का?"

मी म्हटले, "बहिरी नाही रे. तिनं खिडकीतून पाहिलं तुला. काखेत फाईल होती ना?"

"असणारच. सरकारी काम आहे."

"तेच तर."

अठरा वर्षांत त्या मुलीची सात घरे झाली. दोन सांभाळणाऱ्या कुटुंबांची, पाच सरकारी. दर वेळी सकाळी कोणीतरी फाईल घेऊन येई आणि म्हणे, कपडे भर. सोमवारी मी परतले तेव्हा ती बूट घालून खाटेवर बसली होती, पिशवी भरलेली. सकाळचे दूध तसेच होते. म्हणाली, "ते येऊन गेले. उद्या परत येतील." मी म्हटले, कोणी येत नाही. ते खोटे होते, लिहून घ्यावे. तेव्हापासून ती रोज सकाळी पिशवी भरते. संध्याकाळी मी रिकामी करते.

तिचे ओळखपत्र तयार होऊन याच ठाण्यात, वरच्या मजल्यावर आहे. अहवालामुळे अडले आहे. येत्या सोमवारी सकाळी सहाला शिलाईच्या कारखान्यात ते दाखवले नाही तर जागा दुसरीला जाईल. स्तामोवाबाई म्हणाल्या, "आजी, मी फेरतपासणी लावू शकते. अहवाल चांगला आला तर ओळखपत्र उद्याच देते. पण दार तिनंच उघडायला हवं." मला ते मान्य आहे. मी घरात राहते याबद्दल कोणालाच शंका नाही.

माझी विनंती अशी की उद्या दोनेव यांनी हात मोकळे ठेवून यावे. फाटकातून तिला नावाने हाक मारावी. आपले नाव सांगावे. फक्त बघायला आलोय आणि एकटाच परत जाणार आहे, असे सांगावे.

दोनेव म्हणाले, "हे सगळं फाटकात ओरडू? शेजारी हसतील की."

मी म्हटले, "हसू दे. तक्रार त्यांनीच केली, त्यांना काहीतरी मिळायला नको?"

जबाब मला वाचून दाखवला. वाचताना बाईंनी 'एकटाच परत जाणार आहे' हे वाक्य गाळले. म्हणाल्या, जबाबात असले बसत नाही. मला वाचता येत नाही, ऐकू मात्र येते. वाक्य परत घालायला लावले. ते दोनेव यांनी स्वतः वाचून दाखवले. पहिल्यांदा पुटपुटले. मी म्हटले, तिच्या खाटेपर्यंत पोचलं नाही. मग उभे राहून, मोठ्याने वाचले. आता सर्व बरोबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: नझिफे मेहमेदोवा