मोहाखालचा खराटा

…नाई, पन जंगल कोनी झाडते का? तुमीच सांगा! घर झाडतेत, आंगन झाडतेत, मोठा पाहुना येनार असंन तं रस्ताबी झाडतेत… पन जंगल? अन् तेही कोनी, तं मी! मोईन मिस्त्री, दारव्ह्याचा! ज्यानं जिंदगीभर हातात पान्याबिगर काही धरलं नाई! पाना म्हंजे नट खोलायचा पाना बरं, झाडाचं पान नाई… आता झाडाचे पानंच पानं हायेत नशिबात. म्या तं मशीन दुरुस्त कराले गेलतो हो!

झालं काय, तुमाले सांगतो. ईद झाली अन् तिसऱ्या दिवशी नयन सर गॅरेजवर हजर. कॉलेजात शिकवतेत, अन् सुटी भेटली का निसर्ग वाचवतेत. चांगला मानूस हाय, खोटं काहून बोलू? त्यायचं एक वनसेवा पथक हाय, हिरव्या टोप्या घालतेत सारे. मले म्हनतेत, "मोईनभाई, आमचं ब्लोअर बंद पडलंय." ब्लोअर म्हंजे पाठीवर बांधाचं मशीन, पेट्रोलवर चालते, नळीतून असा जोराचा वारा सोडते का सुकला पाचोळा उडून बाजूले. पाचोळाच नाई तं वनव्याची आग पुढं जाईन कायच्यावर? म्या म्हनलं, आना अथी, पायतो. तं म्हनतेत मशीन तिकडं झरी जामणीकडं हाय, एका पोडावर, शिबिरात. "एका दिवसाचं काम आहे हो, संध्याकाळच्या जीपनं परत या!"

संध्याकाळची जीप! अहो, पोड म्हंजे कोलाम आदिवासीयची वस्ती, जंगलाच्या पोटात. तिथी सकाळची जीप येत नाई, संध्याकाळची कुठून येईन? अन् मशीन खोललं तं आत मुंग्यायनं घर केलं होतं, अन् एक पार्ट असा गेलता का तो नागपूरबिगर भेटत नाई. झालं! सर म्हनतेत, "पार्ट येईपर्यंत हात रिकामे कशाला ठेवायचे, मोईनभाई?" डोक्शावर टोपी ठेवली, हातात खराटा देला, फोटो काढला… म्या हसलोबी नवतो अजून, अन् सेवक झालो!

घरी फोन केला, तं हलीमा, म्हंजे माही घरवाली, इतकी हासली, इतकी हासली… "या अल्ला, घर में कभी झाडू को हात नहीं लगाया, और वहाँ जाके जंगल झाड रहे तुम?" म्या म्हनलं, अगं, म्या तं मशीन… फोन कट! रेंजच जाते तिथी, बाई बोलत असली का पुरी रायते, अन् मानसाची पाळी आली का जाते.

आता तुमी म्हनसान, जंगल झाडाची गरजच काय? त्याचं असं हाय. मोहाचे फुलं उन्हाळ्याच्या तोंडाले गळतेत, पहाटीच, टपटप. पोडावरच्या बायका ते येचतेत, वाळवतेत, इकतेत. पन झाडाखाली हा एवढा पाचोळा, त्यात फूल दिसते कुठी? मंग एक काडी लावाची. पाचोळा जळून जाते, जमीन साफ, फूल लख्ख दिसते. काम मिनटाचं. पन कधीमधी ते आग झाडाखाली थांबत नाई, अन् मंग डोंगरच्या डोंगर जाते. म्हनून सरायची आयडिया… काडी लावू नका, आमी झाडून देतो! एकेका सेवकाले एकेक घर वाटून देलं. माह्या वाट्याले आली तानाबाई.

तानाबाई म्हंजे कमरीत वाकेल म्हातारी, घरात एकटी. तिचं एकच मोहाचं झाड, पन काय झाड! तिघायच्या कवेत येनार नाई. सासूच्या सासूपासून त्याच घरचं, बुडाशी ढोली इतकी मोठी का बकरी आत बसन. मले पयल्याच दिवशी म्हनली, "बाबू, हे झाड हाय म्हनून मी कोनाच्या दारी जात नाई. समजलं? नीट झाड." अन् मंग बसली ना बाजी, म्हंजे खाट, टाकून, हुकूम सोडत! "अथचं राह्यलं!… तिकडलं कोन झाडन, तुहा बाप?… असा खराटा धरतेत का? तुह्या घरच्या बाईले झाडता येते का रे? मंग तिलेच काहून नाई आनलं?" रोज संध्याकाळी झाडाचं अन् रोज सकाळी पायाचं, तं झाडाखाली मोत्यासारखे फिकट पिवळे फुलं. तिचा चेहरा असा खुलून जाये… सांगतो खरं, मलेबी बरं वाटे. इंजन सुरू झाल्यावर वाटते ना, तसं.

इथवर ठीक होतं हो! इथी थांबलो असतो तं आज मी तुमच्यासमोर रडत बसलो नसतो. पन सेवा कराले निंगालेल्या मानसाले थांबता येत नाई. एका सकाळी सर उठले ते डोळ्यात चमक घेऊनच उठले. "काडीपेटीमुक्त पोड!" म्हंजे? म्हंजे काडीच नाई तं आग कुठून? घरोघरच्या काड्याच्या पेट्या जमा! एकुलत्या एक दुकानदाराले सांगतलं, महिनाभर इकू नको. मंधात पेट्यायचा ढीग, भोवती आमी, हात पुढं करून शपथ… अन् फोटो. ज्यायले बिडी लागते ते म्हातारे बिड्या तोंडात धरून दिवसभर इकडून तिकडं फिरत, कोनाची चूल पेटेल हाय का म्हनून. अन् माहा लायटर? तोबी जमा! म्या म्हनलं, सर, म्या तं मशीन दुरुस्त कराले आलतो… सर म्हनतेत, "मोईनभाई, शपथ सगळ्यांना सारखी."

तानाबाईनं आपली पेटी लुगड्याच्या गाठीतून काढली अन् सरायले इचारलं, "साहेब, मंग चूल कायनं पेटवू?" सर एकदम खुश. "आजी, शेजारून विस्तव आणायचा! पूर्वी तसंच करायचे ना? एकोपा वाढतो." 

वाढला ना! असा वाढला का सांगता सोय नाई! सकाळ-संध्याकाळ बायका फुटक्या खापरात इस्तो घेऊन या घरून त्या घरी. वारा असो, वावटळ असो. अन् त्या वाटेच्या कडेले काय होतं? आमी झाडलेल्या पाचोळ्याचे ढीग! असे रांगेत लावेल, सरायनं दोरी धरून लावाले सांगतलं होतं. त्याचं खत होनार होतं. खड्डे पुढच्या शिबिरात खोदाचे होते. आता तुमी मले इचारा, अरे मोईन, तू रोज पेट्रोलजवळ बसनारा मानूस, पोट्टे गॅरेजात बिडी पेटवतेत तं तू त्यायच्या अंगावर धावतं, तुले दिसलं नाई? नाई दिसलं! कोनालेच नाई दिसलं! सारे पाहत होते फुलाकडं.

मंग पार्ट आला. यष्टीच्या कंडक्टरच्या हातानं आला. म्या सकाळीच बसवला, दोरी ओढली, अन् पयल्या झटक्यात मशीन सुरू! काय आवाज! म्या तं नाचलो. म्हनलं, चला, आज घरी! दुपारी तानाबाईच्या झाडाखाली जाता जाता अखरीचा खराटा मारला. उन असं का घसा पुरा कोरडा पडला. म्या म्हनलं, "आजी, जाऊन राह्यलो आता, च्या तं पाज!" तिची चूल इझेल. म्हनली, "थांब, इस्तो आनतो." म्या म्हनलं नाई का राहू दे… म्हनलं असतं तं! पन म्या म्हनलं, साखर जास्त टाकजो.

खापर घेऊन ती येऊन राह्यली, वाकेल, हळूहळू, एका हातानं वरून झाकून. अन् आली ना वावटळ. लुगड्याचा पदर तोंडावर उडाला, हात सुटला, इंगळ पडला… कुठी? ढिगावर. मी पाहून राह्यलो, अन् मले वाटलं इझन. अहो, फुर्रकन पेटला! एका ढिगातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या… दोरी धरून लावेल होते ना! मी पळसाच्या फांद्या तोडून झोडपून राह्यलो, बायका वल्ले गोनपाट घेऊन धावल्या, इझून राह्यली, खरंच इझून राह्यली… अन् तितक्यात नयन सर आले धावत. पाठीवर काय? मशीन! "बाजूला व्हा! ब्लोअर आहे!" म्या वरडलो, सर नको, आगीवर नको, पुढचा पाचोळा उडवा, आगीवर नको! पन त्या मशीनच्या आवाजात माहा आवाज कोनाले आयकू जाते? इतके दिवस जे धकलूनबी चाललं नाई, ते त्या वक्ती असं चाललं, असं चाललं का आगीले पंखच फुटले. सरळ मोहाच्या बुडात. ढोलीत.

म्या तं मशीन दुरुस्त कराले गेलतो… अन् दुरुस्ती माही पक्की होती, भाऊ. एकदम पक्की.

जुनं झाड बाहेरून नाई जळत. आतून जळते. वरून हिरवं, फांदीले फूल लागेल, अन् ढोलीतून धूर. तानाबाईनं काय करावं? माती घेऊन हात घातला ढोलीत. पुन्हा माती, पुन्हा हात. म्या ओढून काढली तिले, तं उजव्या हाताची… जाऊ द्या, जेवनाचा टाइम हाय तुमचा. जंगल वाचलं हो! डोंगर वाचला. सारं वाचलं, एक ते झाड सोडून. ते दोन दिवस आतल्या आत जळत राह्यलं अन् तिसऱ्या दिवशी बसलं खाली.

मंग बैठक. जंगलखात्याचे गार्डसाहेब, गावची समिती, नयन सर, आमी टोप्या घालून. गार्डसाहेब इचारते, "काडी कोनी लावली?" आता काडी तं पोडावर एकबी नवती, शपथ होती ना! तानाबाई, हाताले हे एवढं बँडेज, उभी राहून सरळ म्हनते, "इस्तो माह्या हातातून पडला." झालं, भेटला आरोपी! मी उठलो. म्या म्हनलं, साहेब, च्या माह्यासाठी होता, ढीग आमी लावले, पेटी आमी घेतली, मशीन… तं समितीतला एक म्हनते, "मोईनभाई, च्यानं आग लागत नाई." अन् लोकं हासले! नयन सरायच्या डोळ्यात पानी होतं, म्या पाह्यलं. खरं पानी. पन हळूच माह्या कानात म्हनतेत, "विषय वाढला तर पथक बंद पडेल, मोईनभाई. बसा." अन् मी बसलो ना, भाऊ. बसलो.

निकाल काय? केस नाई. गरीब बाई, म्हातारी, दया केली. फक्त पावसाळा लागेपर्यंत वनसेवा पथकात श्रमदान. तिच्या डोक्शावर हिरवी टोपी ठेवली. आपलं झाड तं राह्यलं नाई, आता दुसऱ्यायच्या मोहाखाली झाडाचं. डाव्या हातानं. अन् तिच्या चुलीले, तिच्या पोटाले? एका जनानं इचारलं. तं ते म्हने पुढच्या बैठकीत.

मी आलो घरी. गॅरेज उघडलं. हलीमानं बिर्यानी केली. करमेच ना हो! कोनती गाडी सुरू केली का ते मशीनच आयकू ये. शेवटी सरायले मीच फोन केला, म्हनलं, मशीन एकदा चेक करून जातो. सरायले इतका आनंद! गेलो, तं मशीन ठीकठाक. अन् दुसऱ्याच्या मोहाखाली तानाबाई, टोपी घालून, खराटा काखेत दाबून झाडते. म्या दुसरा खराटा घेतला. तिनं बोटानं जागा दाखवली, अथून तथवर. मंग म्हनली, "मले शिक्षा झाली, ते समजते मले. पन तू कोनती आग लावली रे बाबू?"

झाडत राह्यलो. आजबी झाडूनच राह्यलो, दर आठवड्याले जातो, दोन दिवस, स्वतःच्या पेट्रोलनं. तिची शिक्षा पयला पानी पडला का संपते, गार्डसाहेबानं तसं सांगतलंच हाय. म्या सरायले इचारलं, सर, अन् माही कधी संपन? तं सर माह्या खांद्यावर हात ठेवून म्हनतेत, "अहो, तुम्हाला कुठली शिक्षा मोईनभाई? तुम्ही तर सेवा करताय!"

म्हंजे गेलोच ना मी! शिक्षेतून मानूस सुटते तरी…