नावाला काय भाडं लागतंय?

...नाही पण मी म्हणतो, ओळखायचं तर माणसाला धड पुरतं तरी ओळखा ना! अर्धवट कशाला? आता परवाचीच गोष्ट. केमिस्टकडं उभा आहे, पोटाच्या गोळ्या घेतोय, शेजारची बाई माझ्याकडं बघतेय, मान वाकडी करून बघतेय, दोन पावलं मागं सरकून बघतेय, आणि शेवटी, "अगबाई, तुम्ही तेच ना?" आता 'तेच' म्हणजे कोण? ते तिला माहीत नाही! मलाच विचारते!

तुम्हाला सांगतो, बावन्न वर्षं झाली या धंद्यात. बटलर झालोय, पाद्री झालोय, तीनदा न्यायाधीश झालोय, आणि प्रेत... प्रेतं किती केली त्याला गणतीच नाही. आमच्याकडं त्या मालिका असतात ना, एक सुंदर खेडं, फुलांच्या कुंड्या आणि दर आठवड्याला चार खून... त्यात पहिल्या जाहिरातीच्या आत जो मरतो, तो मी. अख्ख्या इंग्लंडनं मला मरताना बघितलंय. बिस्किट बुडवत बघितलंय! पण नाव? 'तुम्ही तेच ना?' याच्यापुढं कुणाची गाडी सरकत नाही.

आणि नाव सांगू तरी कुठलं? तिथंच तर सगळी गोम आहे. करारावर, जाहिरातीवर इतकी वर्षं माझं नाव लिओनेल पिम. आता हे काही माझं नाव नाही. म्हणजे आहे, पण नाही... थांबा, नीट सांगतो.

आमच्या नटांच्या युनियनचा नियम आहे, एका नावाचे दोन कलाकार चालत नाहीत. आधी नोंदवलं त्याचं नाव, दुसऱ्यानं दुसरं शोधायचं. मी गेलो लंडनला, तेविसाव्या वर्षी, कोटाला इस्त्री करून. खिडकीत एक बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "नाव?" म्हटलं, "एमॉस टॅटरसॉल." तिनं कार्डं चाळली. "गेलेलं आहे." "गेलेलं म्हणजे?" "ब्लॅकपूलला चेंडू उडवण्याचे खेळ करणारा एक कलाकार आहे, एमॉस टॅटरसॉल. दोन वर्षं झाली नोंदवून. दुसरं सांगा." "अहो बाई, पण हे माझं आहे! माझ्या बापाचं आहे! दुकानाच्या पाटीवर आहे!" "दुसरं सांगा. मागं रांग आहे."

आता दुसरं नाव काय माणूस खिशात घेऊन फिरतो का हो? घामाघूम झालो, बाहेर रस्त्याकडं बघितलं, तर समोर पाटी, 'लिओनेल पिम, शवपेट्या बनवून मिळतील'. दिलं ठोकून! बाईनं लिहिलं, शिक्का मारला, संपलं. आणि मग बसलो जन्मभर प्रेतं करत.

आता माझा बाप. बर्नलीला खाटकाचं दुकान. तोही एमॉस, मीही एमॉस, नवीन नाव शोधायचा आमच्या घरात कंटाळा. दुकानावर हिरवी पाटी, सोनेरी अक्षरं, 'एमॉस टॅटरसॉल आणि मुलगा'. दर ईस्टरला बाप ती स्वतः रंगवायचा आणि शिडी मी धरायचो. तो 'मुलगा' म्हणजे मी! आणि मी निघालो नाटकात. बाप एवढंच म्हणाला, "जा. पण आपलं नाव मोठ्या अक्षरात आलं पाहिजे."

पहिलं नाटक मँचेस्टरला. बाप आला, चांगला सूट घालून, टोपी हातात. जाहिरातीसमोर उभा राहिला आणि बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागला. वरून खाली. मग खालून वर. "तुझं कुठाय?" मी दाखवलं. "हा कोण?" "मीच, बाबा. एका शवपेट्यावाल्याचं नाव घेतलंय." "पेट्यावाल्याचं घेतलंस? का, आमच्या नावाला मांसाचा वास मारत होता?"

मी नियम सांगितला, खिडकीतली बाई सांगितली, ब्लॅकपूलचा चेंडूवाला सांगितला. चेंडूवाला म्हटल्याबरोबर बाप गप्प. एकदम गप्प. टोपी घातली आणि आत जाऊन बसला. पुन्हा त्या विषयावर मरेपर्यंत चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, बसलं याच्या डोक्यात, पोराला खाटकाची लाज वाटते. पन्नास वर्षं हे घेऊन फिरलोय मी. रंग पुसताना, गाडीत, प्रेत होऊन पडलेलो असताना... प्रेताला विचार करायला फार वेळ असतो हो!

आणि गेल्या फेब्रुवारीत तो चेंडूवाला वारला. मी ब्लॅकपूलला गेलो. दुःखानं गेलो असं नाही म्हणणार, खोटं कशाला बोला? नाव सुटलं होतं, ते आणायला गेलो. अंत्यविधीनंतर चहा, हॅमची सँडविचं, आणि म्हातारे म्हातारे जादूगार माझ्याकडं बघून, "तुम्ही तेच ना?" अरे, इथं तरी सोडा!

एवढ्यात त्याची बायको आली, विनी. माझ्याकडं बघितलं. "तुम्ही तेच ना?" म्हटलं, झालं! तर म्हणते कशी, "बर्नलीच्या खाटकांचा मुलगा?"

सँडविच हातातच राहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"कान. कान अगदी वडिलांचे आहेत." मला खुर्चीत बसवलं. "आमच्या ह्यांचं खरं नाव सिरिल हिगिनबॉटम. इथल्या समुद्रधक्क्यावरच्या थिएटरच्या पाटीवर मावेना! तुमच्या गावच्या क्लबात खेळ होता, दुपारी तुमच्या दुकानात सॉसेज घ्यायला गेले. वर पाटी बघितली. म्हणाले, मालक, नाव झकास आहे, घेऊ का? तर तुमचे बाबा सुरी पुसत म्हणाले, घे की लेका! नावाला काय भाडं लागतंय?"

दिलं होतं हो! माझ्या बापानं! सॉसेजवर फुकट!

"मग तीन-चार वर्षांनी तुमचे बाबा इथं आले," विनी म्हणाली. "जुलैत सुट्टीसाठी गिरण्या बंद झाल्या की अख्खं बर्नली इथंच समुद्रावर असायचं ना. पहिल्या रांगेत बसले. मग दरवर्षी यायचे, सॉसेजचं पुडकं घेऊन. खेळाआधी बाहेर उभे राहायचे, पाटीवर दिव्यांत नाव लागेपर्यंत. एकदा मी विचारलं, मुलगा काय करतो? म्हणाले, नट आहे. फार छान मरतो. त्याचं नाव मीच देऊन बसलो आणि वर त्यालाच बोललो. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

रडलो. सरळ रडलो. कॅमेऱ्यासमोर बावन्न वर्षं मला कांदा लागला, आणि तिथं सँडविच हातात धरून रडलो. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं, मी एक वाक्य बोलायचं होतं. पण आम्ही बर्नलीची माणसं! पावसावर तासभर बोलू, सॉसेजमधल्या मिरीवर बोलू... हे कोण बोलणार?

निघताना विनीला विचारलं, नाव परत घेऊ का? "घ्या की," म्हणाली, "नावाला काय भाडं लागतंय?"

घेतलं! पंचाहत्तराव्या वर्षी अर्ज भरून एमॉस टॅटरसॉल झालो. पहिलं काम इस्पितळाच्या मालिकेत, पलंगावरचा म्हातारा, तीन वाक्यं आणि मृत्यू. प्रसारणाच्या दिवशी टीव्हीसमोर बापाचा फोटो मांडला. शेवटी नावं सुरू झाली, आता येणार, आता येणार... आणि पडदा आक्रसून गेला कोपऱ्यात, आणि ती निवेदिका, "यानंतर पाहा, गुलाबांची छाटणी!" नाव गेलं मुंगीएवढं, सुर्रकन. फोटोला म्हटलं, "आलं होतं, बाबा. शप्पथ."

तर सांगत काय होतो... हां, केमिस्टकडची बाई. "तुम्ही तेच ना?" मी म्हटलं, आता मात्र नाही सोडायचं. छाती काढली आणि सांगितलं, "होय बाई. मीच तो. एमॉस टॅटरसॉल!"

ती बघतच राहिली. मग हळूच माझ्या दंडावर हात ठेवला, म्हाताऱ्याला समजावतात तसा. "नाही हो, टॅटरसॉल गेले. लहानपणी दर जुलैला बघितलंय मी त्यांना. काय चेंडू उडवायचे! तुम्ही ते... ते दुसरे."

म्हटलं, बरोबर आहे बाई तुमचं. मी पाटीवरचा दुसराच. 'आणि मुलगा'.