लाल खूण

कारंजाच्या गॅरेजात माझा नंबर यायचा होता. समोर धीरज मिस्त्री आणि जुन्या कारचे म्हातारे मालक बोलत होते.

“काका, परवाच टायमिंग लावून देलं. आज पुन्हा इंजिन ठोके देऊन राह्यलं. टायमिंगचा डिस्ट्रिब्युटर कोण फिरवते?”

“मीच. रोज सकाळी त्या लाल खुणेवर आणतो.”

“हे तर नेलपॉलिश हाये.”

“तुह्या काकूनं लावलं. बाजूले बसून आवाज ऐकला न् म्हणे, आता गाडी गोड बोलते, इथंच ठेवा.”

“काकूले जाऊन किती वर्षं झाले?”

“पोळ्याले सात होतीन.”

“इंजिन घासलं आता. त्या खुणेवर जमत नाई. पुसू?”

“नोको. टायमिंग तुह्या हिशोबानं लाव.”

“तुमी पुन्हा फिरवसान.”

“मंग डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट असा आवळजो, माह्या हातानं सुटला नाई पाह्यजे.”