गोदाक्काची भुई

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. नामस्मरण झालं, अभंग झाला, आता कान इकडे द्या. मागच्या पोरींनो, मोबाईलसुद्धा खाली! तो काही पळून जात नाही.

आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. घरात नवी वस्तू आली की आपण काय विचारतो? रंग कुठला, गॅरंटी किती, शेजाऱ्याकडे आहे त्यापेक्षा मोठी आहे ना? — विचारतो की नाही? पण कोणी असं विचारलंय का, की बाबा, ही वस्तू आत आली, तर तिच्या जागी होतं ते बाहेर कुठे गेलं? भिंती तर रबराच्या नाहीत! एक आत आलं म्हणजे दुसरं कोणीतरी सरकलं. कोण सरकलं?

ऐका तर मग. कृष्णाकाठचं एक गाव आहे. नाव सांगत नाही — तुमच्यातल्या कोणाचे तरी पाहुणे निघायचे तिथले, आणि माझं मानधन राहायचं बाजूला! त्या गावात रंगनाथ म्हणून एक माणूस. बाजारपेठेत बियाण्यांचं दुकान. माणूस वाईट नाही बरं का! दारू नाही, तंबाखू नाही, कोणाशी तंटा नाही. एकादशी करतो, आईच्या पाया पडतो. वाईट माणसाची गोष्ट सांगितली असती तर तुम्ही खुशाल बसला असता — 'आपण नाही बुवा तसले!' म्हणून मुद्दाम चांगल्या माणसाची सांगतोय.

घरात बायको मंदाकिनी आणि म्हातारी आई, गोदाक्का. तीन खोल्यांचं घर. पुढची सोप्याची खोली, मधली खोली, आणि मागं स्वयंपाकघर. मधल्या खोलीत देव्हारा, आणि देव्हाऱ्यासमोर गोदाक्काचं घोंगडं. तिथंच तिनं पोरं वाढवली, तिथंच शेंगा फोडल्या, तिथंच पाहुण्यांच्या पंगती वाढल्या. आणि तिचा मालक गेला तोही तिथंच. जीव जायची वेळ आली तसं त्याला खाटेवरून उतरवून देवासमोर भुईवर घेतलं होतं. तोंडात पाणी, तुळशीचं पान, डोकं बायकोच्या मांडीवर. आपल्याकडची रीतच आहे ना ही? माणसानं अधांतरी जाऊ नये. जाताना पाठीला भुई लागावी.

गोदाक्काचं मागणं एवढंच होतं. साडी नको, सोनं नको, काशी नको. लेकाला म्हणायची, "रंगा, मला पलंगावर मरू दिऊ नगं. तुज्या बापाला हितं घेतलं हुतं, तितंच मला बी घे. माजी हितली भुई तेवढी मोकळी ठेव."

"ठेवतो की आई! तू काय मरायला लागलीस आत्ताच?"

झालं! लेकानं शब्द दिला.

आणि मग दसरा आला. रंगनाथाची एक हौस होती — दर दसऱ्याला घरात काहीतरी मोठं यायलाच पाहिजे! मुहूर्ताची खरेदी! टेम्पो दाराशी उभा राहणार, गल्लीतली माणसं गोळा होणार, वस्तूला झेंडूचा हार, पेढे वाटप. आणि ओवाळायला कोण? आई!

पहिला आला सोफा. एवढा मोठा, की दारातून आत जाईना. आता शहाण्या माणसानं काय करावं? सोफा परत पाठवावा. आमच्या रंगनाथानं काय केलं? सुतार बोलावला आणि दाराची चौकट काढली! हसताय काय? सोफा आत गेला, चौकट परत बसवली, वर लोखंडी जाळीचं दार ठोकलं. सोप्यात माणसं मांडी घालून बसायची, ती गेली. आता तिघं जण सोफ्यावर, आणि बाकीचे दारातूनच "येतो मग" म्हणून परत.

पुढच्या दसऱ्याला फ्रिज. दोन दारांचा! स्वयंपाकघरात मावेना, म्हणून आला मधल्या खोलीत. तबक घेऊन गोदाक्का उभी.

"आई, ओवाळ."

"कुणाला रं?"

"कुणाला म्हणजे? फ्रिजला!"

म्हातारी खालीवर बघायला लागली. "आरं, पर ह्येचं कपाळ कुटं हाय?"

अख्खी गल्ली हसली. रंगनाथ म्हणाला, "वरच्या दाराला लाव!" लावलं बिचारीनं कुंकू. आणि माणसं पांगल्याबरोबर मंदाकिनीनं ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. डाग राहतो ना! मंडळी, त्या बाईनं पोटच्या पोराला शेवटचं ओवाळलं ते त्याच्या लग्नात. त्यानंतर ओवाळलं ते सगळं यंत्रांना!

मग काचेचं शोकेस आलं. त्यात कपबशा. चहा कशात प्यायचे? स्टीलच्या पेल्यात! कपबशा बघायच्या. मग जेवणाचं टेबल आलं, पंगत गेली. प्रत्येक वेळी घोंगडं थोडं थोडं सरकलं. देव्हाऱ्यासमोरून भिंतीकडे, भिंतीकडून दाराकडे, आणि एक दिवस मागच्या बोळात. पाण्याची टाकी आणि घराची भिंत यांच्यामधला बोळ, वर पत्रा. तिथं तिला लोखंडी खाट दिली. कौतुकानं दिली हो! गादीसकट दिली. देव्हाराही उचलून फ्रिजच्या वर ठेवला. देवाला नमस्कार करायला म्हातारीनं मान वर केली की तिला चक्कर यायची.

ती दर वेळी म्हणायची, "रंगा, माजी भुई?" आणि हा म्हणायचा, "आई, वस्तू काय रोवून ठेवल्यात का? वेळ आली की सरकवू!"

वेळ आली की सरकवू. किती सोपं आहे नाही बोलायला?

आणि वेळ आली. दिवस कुठला? दसऱ्याचाच! सकाळी गोदाक्काला धाप लागली. डॉक्टर आले, नाडी बघितली, रंगनाथाला बाजूला घेऊन म्हणाले, "आता दवाखान्यात हलवू नका. घरीच असू द्या. जवळ बसा." आणि त्याच वेळी दाराशी टेम्पोचा हॉर्न! काय आलं असेल? मसाजची खुर्ची! बटण दाबलं की पाठ चेपते म्हणे. घेतली कोणाच्या नावावर? आईच्या! "आईचे पाय दुखतात हो" — असं सांगून. अहो, पाय दुखतात तर चेप की! तुला हात नाहीत?

बोळात खाटेवर गोदाक्का तोंडानं श्वास घेतेय. लेकाचा हात धरून म्हणाली, "रंगा, भुईवर घे मला."

रंगनाथ उठला. प्रामाणिकपणे उठला, खोटं कशाला बोलू! टेम्पोवाले दोन गडी हाताशी धरले, मधल्या खोलीत आला, आणि बघतो तर पाय ठेवायला जागा नाही. नव्या खुर्चीचं खोकं नुकतंच आत टाकलेलं. टेबल काढावं तर शोकेस आडवं. शोकेस काढावं तर आत काच भरलेली. फ्रिज ओढावा तर वर देव! सगळं पुढच्या खोलीत ढकलावं तर तिथं सोफा. आणि सोफा बाहेर काढावा तर…? हां! चौकट! आत आणायला सुतार मिळाला होता. दसऱ्याच्या दिवशी सुतार कुठून आणायचा?

तरी ओढायला लागले. आणि मंदाकिनी ओरडली, "अहो हळू! काच फुटंल!" आणि रंगनाथ ओरडला — भिंतीपलीकडे आईचा जीव जातोय, आणि हा काय ओरडला? — "कोपरा सांभाळा! ओरखडा पडंल!"

मंडळी, एका भिंतीचं अंतर. म्हातारीचे कान शाबूत होते. बोळातनं तिचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे रं रंगा… कायतरी फुटंल…"

 

आता त्या बोळाच्या तोंडाशी एक खोली आहे. तिथं शेवंताबाई राहते. एकटी बाई, गोधड्या शिवते. एक चूल, चार भांडी, दोरीवर दोन लुगडी. बाकी सगळी भुई मोकळी, कारण गोधडी अंथरून टाके घालायला जमीन लागते. दसऱ्याची म्हणून सकाळीच सारवलेली. ती बाई गलका ऐकून आली, बघितलं, आणि म्हणाली, "माज्याकडं आना त्यास्नी. भुईच भुई हाय."

हे बोलणं सोपं नाही, मंडळी. परक्याचं मरण कोणी आपल्या उंबऱ्याच्या आत घेतं का? आणि तिचा तर धंदा गोधडीचा! ज्या घरात मढं निघालं, तिथली गोधडी कोण बाळाच्या अंगावर घालील? तिला कळत होतं सगळं. तरी म्हणाली, आणा.

वाकळीत घालून नेलं. सारवलेल्या भुईवर निजवलं. शेवंताबाईनं तोंडात पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं. रंगनाथानं आईचं डोकं मांडीवर घेतलं. गोदाक्काला आता दिसत नव्हतं. तिचा हात मात्र भुईवर फिरायला लागला. इकडे फिरवला, भुई. तिकडे फिरवला, भुई. कुठं काही लागेना. चेहरा असा उजळला तिचा! म्हणाली,

"रंगा… मधली खोली न्हवं ही?"

शेवंताबाईनं रंगनाथाकडं बघितलं, आणि तीच म्हणाली, "व्हय आक्का. मधलीच खोली."

"आन् समदं काडलंस? माज्यासाटी?"

आता सांगा! काय उत्तर द्यावं लेकानं? खरं बोलावं तर आई रडत जाते. खोटं बोलावं तर…

"हो आई," म्हणाला. "काढलं सगळं."

"गुणाचं माजं लेकरू," म्हणाली गोदाक्का, आणि त्याच्या गालाकडे हात नेता नेता गेली.

लोकांच्या आया शिव्या देऊन जातात, ते बरं! ह्याची आई आशीर्वाद देऊन गेली, आणि तो आशीर्वाद ज्या कामाचा, ते काम त्यानं केलंच नव्हतं. तो आता कुठल्या देवाला परत करायचा?

मला हे कसं कळलं? दहाव्याला प्रवचन माझं होतं. घाटावरून घरी नेलं. मला म्हणाले, "बुवा, बसा." कुठं बसवलं असेल? त्या मसाजच्या खुर्चीत! वर पाहुण्यांपैकी एक जण विचारतो, "बटण दाबू का बुवा?" अहो, दहाव्याला आलोय मी! उठलो आणि शेवंताबाईच्या खोलीत जाऊन भुईवर बसलो. तिनंच सांगितलं सगळं. रडत नव्हती, टाके घालत होती. गोधडी कोणाची? स्वतःचीच. गावातली शिवायला टाकलेली कामं लोकांनी परत नेली होती.

तुम्ही म्हणाल, रंगनाथाला पश्चात्ताप झाला असेल. झाला की! फार झाला! शेवंताबाईचे उपकार कसे फेडायचे, म्हणून त्याला झोप लागेना. मग त्यानं काय केलं? तिला एक दिवाण पाठवून दिला! गादीचा, खाली कप्पे असलेला! तिनं तो उंबऱ्याच्या बाहेरच ठेवून घेतला. मला म्हणाली, "बुवा, आत घेतला तर मी गोधडी कुटं अंथरू?" कोंबड्या बसतात त्यावर. कोंबड्यांची तेवढी सोय झाली!

हसा. हसून घ्या. मला मात्र त्या माणसाचा राग येतो, आणि त्याहून जास्त तुमचा येतो. रंगनाथाला निदान कळलं की आपण कोणाला सरकवलं. तुम्ही इथं वर्गणी देता, बुंदीचा प्रसाद नेता, आणि घरी गेल्यावर बाप गॅलरीत, आई बोळात, पोरगं जिन्यावर अभ्यासाला! मधल्या खोलीत काय? पडद्यावर नाचणारी माणसं, आणि ती बघायला सोफा.

साधं राहा म्हटलं की तुम्हाला वाटतं बुवा लंगोटी लावायला सांगतोय. नाही हो! माणसाला मांडी घालता यावी, कूस बदलता यावी, कोणी आलं तर "बस" म्हणता यावं, एवढं घर मोकळं असावं. एवढंच. ह्यात वैराग्य कसलं? ही तर चैन आहे! गोदाक्काला विचारा, मरताना मिळाली तिला.

मृदंगवाले, थाप नको. आज शेवटचा गजर मी आत्ता घेत नाही. तुमच्यापैकी बरेच जण आई-बापांना घेऊन आलेत. ते इथंच, तुमच्या शेजारी, उघड्या फरशीवर बसलेत. त्यांच्याकडे वळा आणि विचारा — "तुला घरात कुठं झोपायला आवडेल?" एवढं विचारा. ते सांगतील ते ऐकून घ्या, आणि मग गजर.

विचारा.

का हो? देवाच्या दारात आईशी बोलायची लाज वाटते? मी उभा आहे. सकाळपर्यंत उभा राहीन.

विचारा की!