कुणाकडे तरी प्रत असावी

शप्पथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे — म्हणजे, नाव खोटं आहे. गावही जरा इकडचं तिकडे केलंय. आणि काही गोष्टी मी पाहिल्या नाहीत, नुसत्या ऐकल्यात, त्याही त्याच्याच तोंडून, आणि तो काही फार विश्वासाचा माणूस नाही. पण बाकी सगळं खरं. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय गेलाय, इकडे बसा. लॅपटॉप राहू दे माझ्यापुढे. अकरा वर्षांचा मेल उपसायचाय बाई, आधी तो या हार्ड डिस्कमध्ये भरायचा, मग तुम्ही म्हणाल त्या नव्या कंपनीच्या पेटीत ओतायचा — ही निळी पट्टी दिसतेय? ती टोकाला गेली की झालं. आत्ता चार टक्के. काय? नाही नाही नाही, नाव नका सांगू! दारावरची पाटी वाचली नाहीत? इथे कुणी कुणाला नाव विचारत नाही. लाइपझिगमध्ये एवढं एकच दुकान आहे. कॉफी घ्या, थर्मासमध्ये आहे. सकाळची आहे, पण आहे.

तर तुम्ही विचारलंत, कुठल्या मेलवाल्या कंपनीवर भरवसा ठेवायचा. सगळे हेच विचारतात. तुमच्या वयाचे तर जास्तच — ही म्हणे बदनाम झाली, ती म्हणे विकली गेली, मग आता कुठे जायचं? मी कंपनीचं नाव सांगत नाही. मी गेर्नोटची गोष्ट सांगतो. गेर्नोट म्हणजे माझं एक गिऱ्हाईक. बासष्ट वर्षांचा, तिरसट, पायात बाराही महिने सँडल, त्यात मोजे. असा कसा झाला? सांगतो. बर्लिनची भिंत होती तेव्हा हा आपल्या, इकडच्या पूर्वेच्या बाजूला. आणि त्याची आई साठ वर्षांची झाली. साठ झाली की बायकांना पलीकडे जायची परवानगी मिळायची — म्हातारी परत नाही आली तर सरकारची पेन्शन वाचते, सरकार कशाला अडवतंय? ती गेली ब्रेमेनला बहिणीकडे, पंधरा दिवसांसाठी, आणि नाही आली परत. म्हणाली, पत्र लिहीन. एक पत्र नाही. पाच वर्षं, एक पत्र नाही! गेर्नोट म्हणाला, बरं, विसरली, तर मीही विसरतो. त्यानंही लिहिणं सोडलं. ती तिकडेच वारली, अठ्ठ्याऐंशीत. पुढच्याच वर्षी भिंत पडली — म्हातारीला एक वर्ष कळ काढता आली नाही.

मग सगळे करत होते तसा त्यानंही अर्ज केला, की माझ्यावर पाळत ठेवून जी फाइल केली असेल ती दाखवा. एक दिवस बोलावलं, टेबलावर फाइल ठेवली. आत त्रेचाळीस पत्रं. आईची. म्हणजे पत्रांच्या प्रती. तिनं दर दीड महिन्याला लिहिलं होतं, आणि सरकारी माणसानं दर वेळी वाफेवर पाकीट उघडलं, वाचलं, प्रत काढली, फाइलला लावली, आणि मूळ पत्र — कुणास ठाऊक काय केलं त्याचं. आणि समासात पेन्सिलीनं शेरे! सुंदर अक्षर हो, मोत्यासारखं. आईनं आलुबुखारच्या केकची कृती लिहिलेली, तर बाजूला शेरा — ‘दोनशे ग्रॅम लोणी वाजवीपेक्षा जास्त वाटते. सांकेतिक?’ माझी आई लोण्यात कधीच हात आखडायची नाही, त्यात कसला संकेत — काय? ‘त्याची आई’ म्हणालो मी. त्याचीच म्हणालो. तुमच्या कानात कॉफी गेलीय. एकोणीस टक्के.

तर त्या दिवशी गेर्नोटनं ठरवलं, की यापुढे माझं पत्र माझ्याशिवाय कुणीही वाचणार नाही. आणि मग आले ई-मेल. पहिली पेटी फुकटवाली — यानं कुणाला तरी लिहिलं की बूट फाटलेत, तर शेजारी बुटांची जाहिरात. सोडली. दुसरी स्विस. डोंगराच्या पोटात सर्व्हर, हे एवढं लोखंडी दार, आणि वचन काय, तर तुमचं पत्र आम्हालासुद्धा वाचता येत नाही. गेर्नोटच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांनी बातमी — पोलिसांचा कागद आला, आणि यांनी एका आंदोलनवालीचा ठावठिकाणा देऊन टाकला. पत्र नाही दिलं हं, पत्ता फक्त. सोडली. तिसरी आपल्याच देशातली, पवनचक्कीच्या विजेवर चालणारी. कोर्ट म्हणालं एका गिऱ्हाइकाची पत्रं वाचता येतील एवढी खिडकी ठेवा, यांनी ठेवली. गेर्नोट म्हणाला, आज खिडकी, उद्या गॅलरी काढतील. सोडली. चौथी वर उत्तरेकडची, बर्फातली. तिच्या मालकानं कुठल्याशा पुढाऱ्याचे चारचौघांत गोडवे गायले, लोक खवळले, तर म्हणतो ते माझं खासगी मत होतं. अरे, खासगीपणा विकायला बसलास आणि तुला स्वतःचं मत खासगी ठेवता येत नाही? सोडली. पाचवी एका रात्रीत जाहिरातवाल्यांना विकली गेली. सहावी म्हणजे एकच माणूस, आजीच्या गॅरेजमध्ये बसलेला — तो खरं सांगतो सगळ्यात प्रामाणिक निघाला, पण गॅरेजमध्ये पाणी शिरलं. मग सातवी.

आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना कळवायचं, माझा पत्ता बदलला. सगळे म्हणजे कोण, एक दाताचा डॉक्टर आणि मुलगी. मुलगी आहे त्याला. तिला आपण — फ्रांका म्हणू. नाही, थांबा, ते खरंच नाव आहे तिचं. विसरा. नाव नाही तिला. ती म्हणायची, “पप्पा, तुमच्या एकट्यासाठी वेगळी डायरी ठेवू का मी?” गमतीनं म्हणायची आधी. याच्याकडे व्हॉट्सॲप नाही, फोन आहे तो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, म्हणजे लहरी आत शिरत नाहीत. फोनच शिरत नाही मग. तिला बाळ झालं, रोस्टॉकला, तेव्हा तिनं फोटो पाठवला. बाळ झोपलेलं, डोक्यावर पिवळी टोपी. आणि या माणसानं काय उत्तर लिहावं? ‘वा’ नाही, ‘कुणावर गेलंय’ नाही, ‘तू कशी आहेस’ नाही — दीड पान! की दोन दिवसांच्या अजाण जिवाचा चेहरा तू अमेरिकेतल्या कंपनीच्या हवाली केलास, त्याला विचारलंस का? दोन दिवसांच्या पोराला विचारायचं! ते पत्र चांगलं होतं तसं. मुद्देसूद होतं. त्यानंतर दोन वर्षं तिचं काही नाही.

अडतीस. आज नेट बरं चाललंय.

आता नीट ऐका, तुमच्या कामाचं हे आहे. गेल्या ऑक्टोबरात, मंगळवारी सकाळी, बातमी येते की सातव्या कंपनीतही काहीतरी शेण खाल्लं गेलंय. गेर्नोट पेटला. उघडायला गेला पेटी, चार खरमरीत शब्द सुनवायला — आणि पासवर्ड आठवेना. दर महिन्याच्या एक तारखेला नवा पासवर्ड, कागदावर लिहायचा नाही, डोक्यात ठेवायचा, हा त्याचा नियम. त्या दिवशी डोक्यात नुसता राग. तीनदा चुकला. मग खाली ते बटण असतं ना, ‘विसरलात?’ ते दाबलं. तर लाल अक्षरांत आलं — नवा पासवर्ड घेतलात तर आधीची पत्रं कुणालाही, कधीही, कुठल्याही उपायानं उघडता येणार नाहीत. मान्य? त्यानं ते तीनदा वाचलं. तुम्हाला वाटेल घाबरून वाचलं. आवडलं म्हणून वाचलं हो! तीस वर्षं हा माणूस जे वाक्य ऐकायला सात दारं फिरला, ते वाक्य कुणीतरी शेवटी त्याला म्हटलं होतं. आम्हालाही नाही, पोलिसांनाही नाही, कुणालाच नाही. मला अगदी — त्याला अगदी भरून आलं. दाबलं. मान्य.

पेटी उघडली. जुनी पत्रं सगळी जागच्या जागी, ओळीनं, पण आत फक्त करडा चौकोन. तारीख दिसते, विषय दिसतो, मजकूर नाही. आणि सगळ्यात वर त्याच दिवशीचं, पहाटे सहा चाळीसचं. विषय: ‘पप्पा, रविवारपर्यंत वाट बघते.’ आत करडा चौकोन.

घ्या, कॉफी घ्या, गार होतेय. गारच होती म्हणा.

उपाय होता एक, नाही असं नाही. पेटी घेताना कंपनी बारा शब्द देते, साधेच असतात, सफरचंद, पूल, मामा असे — ते बारा शब्द क्रमानं घातले की कुलूप निघतं. गेर्नोट हुशार. सहा शब्द स्वतःकडे ठेवले, सहा मुलीला कळवले होते, पाठ कर आणि पुसून टाक म्हणून. म्हणजे तिच्याच पत्राची किल्ली तिच्याकडे! मग काय, उत्तर टाकायचं तिला, सोपं आहे. टाकलंन लगेच. काय लिहिलं असेल? दोन वर्षांनी मुलगी म्हणते रविवारपर्यंत वाट बघते, तर बापानं काय लिहावं? सांगा. …नाही. त्यानं लिहिलं — ‘तुझे सहा शब्द ताबडतोब पाठव. कारण विचारू नकोस.’ बस. का? तर सुरक्षित नसलेल्या वाटेवर जास्त बोलायचं नाही, नियम आहे! ती बुधवारी काय म्हणाली? काही नाही. गुरुवारी? शनिवारी यानं पुन्हा लिहिलं, ‘शब्द पाठव, निकड आहे.’ सोमवारी पाहतो तर तिचा पत्ताच बंद. एकदा वापरून टाकून द्यायचा पत्ता घेतला होता पोरीनं. कुणी शिकवलं तिला? मीच शिकवलं, दुसरं कोण शिकवणार!

…हो. बरं. मी. आता कळलंच आहे तर असू दे, त्यात काय एवढं. पाटीवरचं आडनाव खोटं आहे, नाव खरं. बावन्न टक्के.

रोस्टॉकला गेलो. जुन्या घराच्या घंटीवर दुसरंच नाव. नगरपालिकेत गेलो, पैसे भरले की पत्ता देतात ना कुणाचाही — खिडकीमागची बाई म्हणते, “या व्यक्तीची माहिती द्यायला मनाई नोंदवलेली आहे.” अहो, मी बाप आहे. “कारण लिहून रीतसर अर्ज दिलेला आहे, साहेब, पक्का अर्ज आहे.” पक्का असणारच! तिच्या अठराव्या वाढदिवसाला मी भरून दिला होता तो. वर रिबीन बांधून. बाकीच्या पोरींना बापांनी सायकली दिल्या. दोन पानी कारण लिहिलं होतं मी, काळ्या शाईनं, कुठल्या बापाच्या बापाला तोडता येणार नाही असं.

मग कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर: आपलं पत्र आम्ही उघडू शकत नाही हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो. अभिमान! मग माझ्या डोक्यात आलं — अरे, कुणीतरी चोरून वाचलं असेलच की! आईचं वाचलं, माझं का नाही? पोलिसांना लिहिलं, गुप्तहेर खात्याला लिहिलं, कायद्यानं हक्क आहे विचारायचा. लिहिलं की माझी काही तक्रार नाही, उलट आभारच मानीन, फक्त मंगळवारचं सहा चाळीसचं पत्र उघडलं असेल तर एक प्रत द्या, झेरॉक्सचे पैसे भरतो. उत्तर आलं: आपल्याविषयी कुठलीही माहिती आमच्याकडे नाही. पुन्हा लिहिलं. नाही. मग म्हटलं, संशय आल्याशिवाय कशाला बघतील? म्हणून चाळीस किलो खत मागवलं, बॉम्बात घालतात तसलं. माझ्या गॅलरीत कुंड्या आठ. स्वतःलाच पत्रं लिहिली, ‘मंगळवारी ठरल्याप्रमाणे उडवू.’ कोण येतंय! कुत्रं नाही आलं. पुन्हा तेच, शिक्क्यासकट: माहिती नाही. वाईट सरकारनं माझ्या आईचं लोणीसुद्धा जपून ठेवलं, आणि या चांगल्या सरकारला माझ्यात काडीचा रस नाही. हसू नका. काय असेल त्या पत्रात? ‘भेटायला या’ असेल. ‘पुन्हा तोंड दाखवू नका’ असेल. काहीही असलं तरी चाललं असतं हो मला. करडा चौकोन नको.

झालं, पोचली पट्टी. हा घ्या तुमचा लॅपटॉप, मेलची एक प्रत यातही ठेवलीय. नवी पेटी कुठलीही घ्या, सगळ्या सारख्याच, जिचा रंग आवडेल ती घ्या. आणि ही हार्ड डिस्क — नाही, ही राहील इथे. या डब्यात. आईच्या पत्रांबरोबर. अहो, इथे सगळ्यांच्या आहेत, चौतीस गिऱ्हाइकांच्या, चिठ्ठ्या लावून ठेवल्यात. विचारलं नाही, कारण विचारलं की लोक नाही म्हणतात. मीही म्हटलं असतं. तुमच्या वडिलांची तीन पत्रं न उघडता पडलीत, ऑगस्टपासून. कुत्र्याच्या मागच्या पायाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्यात जिन्याचा विषय आहे. ‘आजकाल जिना जरा जास्त वाटतो’ — हे मी इथे पेन्सिलीनं टिपून ठेवलंय, बघा, त्या माणसाइतकं सुंदर अक्षर नाही माझं. ओरडू नका! शेजारी दवाखाना आहे. पोलिसात जाताय? जा ना, जरूर जा, माझं नाव द्या, स्पेलिंगसकट द्या, कुठेतरी लागू दे एकदा. दार ओढून घ्या जाताना — अहो, थांबा, थांबा! पंचवीस युरो. रोख. कार्ड नाही घेत मी, कार्डावर नाव असतं.