उलटं चालणारं बदक

नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय — अगं बस, बस, थट्टा केली! काय दचकलीस! शिंप्याला मी वीस वर्षं असाच दर वेळी उभा करायचो. आता त्या खुर्चीवर बसणारंच कुणी उरलं नाही, म्हणून आल्यागेल्यावर हात साफ करून घेतो. हां, तर काय म्हणत होतीस — जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन. उद्या. आणि मधोमध काचेत मास्तरचं बदक. त्याच्या सुनेनं दिलं? देईल नाहीतर काय, तिला अडगळच ती. आण इकडं. हातमोजे? मला? अगं, जन्मभर पत्रा कापून डबे झाळलेले हात हे, मोज्यात घातले तर लाजतील बिचारे.

तुम्ही पोरं चांगली आहात, नाही म्हणत नाही. आम्हाला लोक हसायचे — चार घोडे खेळण्यांशी खेळतात म्हणून. मास्तर, शिंपी, पोस्टमन आणि मी. दर रविवारी, इथं, ह्याच टेबलावर. आणि प्रत्येक खेळण्याला एकदा चावी द्यायचीच — का? नाही दिली तर स्प्रिंग आखडते, आपल्या गुडघ्यासारखी. तुम्ही देता चावी? नाही ना? काचेत ठेवता नि फोटो काढता. असू दे. मास्तरची आणखी एक खोड होती — दुरुस्तीला खेळणं उघडलं की आत लाल दोऱ्याची गाठ मारायची. एक दुरुस्ती, एक गाठ. ठाऊक आहे तुला? बघ! आमच्या बायकांना नव्हतं ठाऊक.

तर मी काय सांगायचं, हे बदक अस्सल आहे म्हणून? चौघांतला मीच उरलोय, म्हणून माझा शब्द — काय दिवस आलेत, माझा शब्द! बरं, सोडतो टेबलावर. कर्र, कर्र... चाललं बघ, मागं मागं. कारखान्यात चुकून झालेलं, जगात असलं एकच — छाती फुगवून सांगायचा मास्तर. 'आणि इतक्या वर्षांत एकदा उघडावं लागलं नाही, काय कारखाना म्हणायचा!' एकच आहे, ते खरंय. मी एकच केलं.

अशी बघतेस काय? हो, मी. नुसता रंग हुंगून कारखाना ओळखायचा तो मास्तर — म्हटलं, याची जिरवू. तेलाचा डबा कापला, बदक केलं, चोळूनमोळून जुनं केलं. फक्त आतलं चाक उलटं बसलं माझ्याकडून. टेबलावर सोडलं तर निघालं मागं! म्हटलं, मेलो, पकडलं. तर मास्तर बघतच राहिला. म्हणाला, हे मला दे — आणि बदल्यात त्याची आगगाडी दिली. लाल, तीन डब्यांची, त्याच्या बापानं आणलेली. मी घेतली, मुकाट्यानं घेतली. पुढच्या रविवारी सांगणार होतो, चौघं पोट धरून हसणार होतो. मग म्हटलं त्याच्या पुढच्या. मग शिंपी गेला. पोस्टमन गेला. मास्तर दवाखान्यात पडला तेव्हा सांगायलाच गेलो होतो मी, देवाशप्पथ. तर माझा हात धरून म्हणतो, 'माझ्यामागं बदकाला कुणी सरळ करू देऊ नकोस रे.' आता असल्या माणसाला काय सांगायचं? आलो परत.

थांब, हात धरू नकोस. उघडणारच मी. उद्या तुम्ही हे चार लोकांत मांडणार, कुणीतरी शहाणा आत डोकावणार, आणि मास्तर मेल्यावर मूर्ख ठरणार — त्यापेक्षा खोटारडा मी ठरतो, मला सवय आहे. ह्या पत्र्याच्या जिभल्या वर केल्या की झालं... ही बघ! तेलाच्या डब्यावरची बाई. अजून हसतीय सटवी. आता पटलं?

हे काय... चष्मा दे गं तो. नाही, तो नाही, दोरी बांधलेला. इथं, स्प्रिंगपाशी. तुला दिसतंय? कुठला रंग?

लाल.

मोज. गाठी मोज, एकेक करून... सात? नीट मोजलंस?

सात वेळा. सात वेळा उघडलंय त्यानं, सात वेळा ही बाई बघितलीय. आणि रविवारी येऊन माझ्याच टेबलावर, माझ्याच तोंडावर — काय कारखाना म्हणायचा! मग आगगाडी का दिलीस रे? बापाची आगगाडी? — मी सांगेन म्हणून वाट बघत बसला असणार लेकाचा. तीस वर्षं. आणि मी इकडं त्याला हसत होतो, एकटाच.

हस की पोरी. कुणीतरी हसायला हवं ना. मला एकट्याला नाही जमत आता.

नको, त्याला चावी नको देऊस. ठेव. त्या कपाटावर आगगाडी आहे, फडक्यात बांधलेली, ती ने, काचेत मांडायला. तिला मी एकदाही चावी दिली नाही. एकदाही नाही. स्प्रिंग आखडली असेल.

जा आता. दार ओढून घे.