देवाला ‘सारखा’ लावू नका

…आणि वर बायको मलाच म्हणते, ‘तुम्हाला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?’ अहो, पोरगी विचारत होती! तुम्हाला सांगतो, काय वाट्टेल ते करा, पण देवाला ‘सारखा’ लावू नका.

झालं काय, आईचं ऑपरेशन. आत नेता नेता आई नातीला म्हणाली, ‘देवाला सांग हं, आजीकडे बघ.’ गेली, दार लागलं. नात सहा वर्षांची, पण वकिलाच्या वरताण. बाकड्यावर मांडी ठोकून म्हणते, ‘बाबा, देव कशासारखा असतो? ओळख नसताना आजी कशी सोपवू?’ आता मी पडलो फ्रिज दुरुस्त करणारा… म्हटलं, ‘देव फ्रिजमधल्या दिव्यासारखा. दार उघडलं की दिसतो.’ काय खूश झालो हो मी स्वतःवर! शेजारचे आजोबासुद्धा ‘वा’ म्हणाले.

‘आणि दार लावलं की?’

धंद्यातला प्रश्न, जीभ घसरली. ‘दार लावलं की बटण दाबलं जातं, विझतो.’

पोरगी त्या बंद दाराकडे बघायला लागली… आणि जे भोकाड पसरलं! ‘आजीचं दार लावलंऽऽ! देव विझलाऽऽ!’ नर्स धावली. बायको म्हणाली, ‘अगं, देव आईसारखा असतो.’ ‘म्हणजे ओरडतो?’ आजोबा म्हणाले, ‘वाऱ्यासारखा गं बाळ, दिसत नाही पण असतो.’ ‘आत खिडक्या बंद आहेत!’ बघा, म्हणून म्हणतो, ‘सारखा’ लावू नका… आणि खरं सांगू? त्या दाराच्या फटीतून उजेड दिसतो का, ते मीही वाकून बघितलं होतं.

शेवटी आई बाहेर आली, गुंगीतच. पोरगी तिच्या कानाशी, ‘आजी, आत देव होता? कशासारखा?’

‘सारखा…’

‘अगं, कशासारखा?’

‘कशासारखा नाही गं. सारखा. सारखा असतो… झोपू दे आता.’

पटलं की हो पोरीला! आणि मी, एवढा बाप्या, तिथंच उभ्या उभ्या रडलो.

आई आता ठणठणीत. पण पोरगी? दिवसभर फ्रिजचं दार उघडते, फटीला डोळा लावून हळूहळू मिटते… दिवा विझल्यावर देव उरतो का बघायला! दाराचं रबर गेलं, दूध नासलं. बायको म्हणते, ‘मेकॅनिकला बोलवा.’ आता कुठून बोलवू? तो घरात सारखाच असतो… पण सारखा असणाऱ्याला आमच्याकडे विचारतो कोण?